सहावी खेप

नेस्तानचं सामान हलवायला तिच्या ओळखीच्या झाझाचा टेम्पो आला असता तर वेसलच्या वाट्याला तिचा जेमतेम एक तास आला असता. पुढे सामानाची पेटी असलेल्या त्याच्या सायकलीने सहा खेपा होत होत्या. जाऊन-येऊन सव्वा तासाची एक, म्हणजे साडेसात तास. शिवाय दर खेपेला खाडी ओलांडायची, आणि बोटीवर चढलं की माणसाला सायकल दामटून पुढे निघून जाता येत नाही. पाच मिनिटं शेजारी उभं राहावंच लागतं. जातानाची सहा नि येतानाची पाच, अशी अकरा वेळा पाच-पाच मिनिटं त्याने मनाशी मांडून ठेवली होती. सहाव्या खेपेनंतर एकट्याने परतायचं, ते त्याने धरलंच नव्हतं. ती वेळ येऊ नये यासाठी तर हा सारा खटाटोप होता.

"टेम्पो कशाला?" तो आठवडाभर आधी म्हणाला होता. "आपल्या कालव्याकाठी उभा कुठे करणार तो? बुधवारी मोठ्या कचऱ्याची गाडी येते. तिच्या मागे अडकला की बसला झाझा शिव्या देत. माझी सायकल दीडशे किलो ओढते. आणि फुकट."

फुकट म्हटलं की अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्धी भांडणं मिटतात. नेस्तान तिथली नव्हती. जॉर्जियातल्या कुताइसीहून चित्रं काढायला आलेली बाई, अकरा वर्षं झाली तरी फुकट ऐकलं की तिला आधी संशय यायचा. तिने त्याच्याकडे पाहिलं, जे समजायचं ते समजली, आणि तरी "बरं" म्हणाली. सात वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसाला एक दिवस नाकारणं तिला कोतेपणाचं वाटलं. कोतं वागायचं नाही हे तिने ठरवूनच ठेवलं होतं, कारण ती घर सोडत होती ते त्याच पायी.

झालं होतं ते एवढंच. वेसलची आई, हिस्के, शेवटचा हिवाळा त्यांच्याकडे राहिली. हिस्केचं आणि नेस्तानचं आधीपासून जमायचं. वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे प्रत्येकाच्या संडासात टांगलेलं असतं, आणि हिस्केने पहिल्याच वर्षी आपल्या कॅलेंडरात नेस्तानचं नाव शाईने लिहिलं होतं. वेसलच्या आधीच्या दोघी पेन्सिलीने होत्या. त्या हिवाळ्यात म्हातारीला सूप भरवणं, अंघोळ घालणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं नेस्तानने केलं. वेसल खाली दुकानात सायकली दुरुस्त करायचा. रोज सकाळी म्हातारीला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवून नेस्तान तिचं एक चित्र काढायची, कोळशाने. पाठीच्या दुखण्याने हिस्केला धड बसवायचं नाही, पण तेवढा एक तास ती मूर्तीसारखी बसायची. मधूनच ओठ न हलवता विचारायची, "हलले का गं?" नेस्तान म्हणायची, "नाही, झकास." असे त्रेसष्ट कागद झाले. मग हिस्के गेली.

चित्रं पाहायला वेसल वर यायचा, पण त्याचे हात ग्रीसने काळे. "हात धुऊन ये, मग बघ," नेस्तान म्हणायची. तो "बरं, नंतर" म्हणायचा. दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असायचं.

पुढच्या एप्रिलात कुताइसीला तिचे वडील गेले. "चार दिवस चल," ती म्हणाली. वेसलने वही उघडली. एप्रिल म्हणजे सायकलींचा हंगाम. लोक हिवाळाभर गंजलेल्या सायकली एकदमच बाहेर काढतात. "तू हो पुढे," तो म्हणाला. ती एकटी गेली. परत आल्यावर तिने आकांडतांडव केलं नाही. तिथली पद्धत तिला येत होती: कॉफी करायची, बरोबर एकेक बिस्किट घ्यायचं, डब्याला झाकण लावायचं, आणि काय ते एकदाच बोलून घ्यायचं. तिने तसं केलं. वेसलला वाटलं, डब्याबरोबर विषयही बंद झाला. वर्षभराने तिने खाडीपलीकडे, जुन्या जहाजबांधणीच्या आवारात, चित्रकारांना देतात त्यातली एक खोली मिळवली तेव्हा त्याला कळलं की झाकण फक्त बिस्किटांवर होतं.

बुधवारी सकाळी सातला त्यांनी सुरुवात केली. त्या घरांचे जिने शिडीसारखे उभे आणि अरुंद, तिथून खुर्चीसुद्धा वळत नाही. सगळं सामान खिडकीतून उतरवायचं, घराच्या माथ्याला बाहेर आलेल्या तुळईच्या आकड्याला कप्पी बांधून. दोर शेजारच्या तोसबाईंचा होता.

"दहाला परत पाहिजे," तोसबाईंनी तळमजल्याच्या खिडकीतून बजावलं. "पुतण्याचा पियानो आहे आज."

म्हणून सगळं सामान एकदमच उतरवून फुटपाथवर मांडावं लागलं. गादी, पुस्तकांची खोकी, रंगांच्या पेट्या, चित्रांच्या तिवया, कापडाचे गुंडाळे, पितळी दांडीचा एक दिवा, आणि शेवटी ते बाड: दोन मोठ्या पुठ्ठ्यांमध्ये त्रेसष्ट कागद, चारी बाजूंनी नाड्यांनी बांधलेले. ते नेस्तानने दोरावर सोडलंच नाही. छातीशी धरून जिन्याने उलटी उतरत खाली आणलं.

"हे पहिल्या खेपेला," ती म्हणाली.

वेसलने आकाशाकडे बघितलं. वारा खरंच होता, आणि बारीक पाऊसही. "एवढं मोठं सपाट बाड या वाऱ्यात? पुलावर शिडासारखं भरेल, आणि मी पेटीसकट कालव्यात. दुपारी पडतो वारा. शेवटच्या खेपेला नेऊ."

हे खोटं नव्हतं. फक्त पुरं खरं नव्हतं. त्याच्या मांडणीत बाड सहाव्या खेपेचंच होतं. ते शिल्लक असेल तोवर तिला परत यावंच लागणार होतं. मग पाच खेपा दमून झाल्यावर तो म्हणणार होता, वर चल, टेबलावर उघडू, एकदा बघू. खिडकीशी हिस्केची खुर्ची अजून तशीच होती. त्या खुर्चीसमोर ती चित्रं उघडल्यावर नेस्तान उठून जाईल हे त्याला शक्य वाटत नव्हतं. आईने आपल्यासाठी एवढं तरी करावं, असा त्याचा हिशेब. मेलेल्या माणसालाही कामाला लावणारा तो मुलगा होता.

"एक मला देशील त्यातलं?" त्याने विचारलं.

"शेवटी बघू. निवड तू," ती म्हणाली, आणि खोली झाडायला वर गेली.

पाऊस वाढला तशा वेसलने कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या कापून बाड नीट गुंडाळलं, चिकटपट्टी मारली. तेवढ्यात तोसबाई आपला चाकांचा वॉकर ढकलत दारात आल्या.

"शेजारी, माझ्या दारात हे कुठलं जहाज फुटलंय?"

"थोडा वेळ, तोसबाई. दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत मी काय उडत जाऊ? मासळीवाला अकरापर्यंतच असतो."

वेसलने मुकाट्याने सगळं भिंतीपासून उचललं आणि रस्त्याच्या कडेला, लिंडनच्या झाडाखाली नेऊन लावलं. सायकलीत भरायलाही ते सोयीचं होतं. आता त्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट अशी: बुधवारी भिंतीला टेकलेलं ते घरवाल्याचं, आणि झाडाखाली ठेवलेलं ते सगळ्यांचं. ज्याला हवं त्याने गाडी यायच्या आत उचलावं, उरेल ते गाडीने न्यावं. वेसलला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच्या घरातलं निम्मं सामान तसंच आलेलं होतं. तो पितळी दिवासुद्धा त्यानेच एका बुधवारी त्याच झाडाखालून उचलून, नवी वायर घालून नेस्तानला दिला होता.

खाली आल्यावर ती म्हणालीच. "झाडाखाली?"

"गाडी चारच्या आत येत नाही. आपला काठ शेवटचा. दहा वर्षं बघतोय मी. आपण साडेतीनला मोकळे."

"कुणी उचललं तर?"

"तोसबाई आहेत की खिडकीत. त्यांच्या नजरेतून उंदीर सुटत नाही."

पहिल्या खेपेला नेस्तान आपल्या सायकलीवर त्याच्या मागून बोटीत चढली. गादी पेटीवर बांधलेली होती आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, "नवं लग्न का?" नेस्तान हसली. "नाही हो, आजोबा. जुनं." दोघांचं लग्न झालेलंच नव्हतं, पण वेसलला ते उत्तर फार आवडलं. परतीच्या पाच मिनिटांत त्याने ते दोनदा मनात घोळवलं.

दुसऱ्या खेपेला त्याने विषय काढला. "एप्रिलचं मी चुकलो."

"कुठल्या एप्रिलचं?"

"तुझ्या वडिलांच्या."

ती पाण्याकडे बघत राहिली. "वेसल, तिथे तिसऱ्या दिवशी जेवणावळ असते. सगळं गाव बसतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती आत्याने. तुझ्यासाठी. मी सांगितलं होतं तू येणार नाहीस, तरी. म्हणाली, असू दे, विमानं काय, उशिरा येतात."

बोट धक्क्याला लागली. पुढच्या सायकली सुटल्या, मागचे घंट्या वाजवायला लागले. काय बोलावं ते त्याला सुचलं तेव्हा चढ लागला होता. दीडशे किलो ओढताना माणसाला क्षमा मागता येत नाही.

तिसऱ्या खेपेला मधला पूल बोटीला वाट द्यायला उघडला. रेतीची लांबलचक बार्ज संथपणे खालून जात होती आणि दोन्हीकडे माणसं सायकलींवर एक पाय टेकून उभी होती. वेसलला तो पूल त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आवडला.

"तू मुद्दाम सावकाश चालवतोयस," ती म्हणाली.

"पुस्तकं आहेत. जड."

"मघाशी उशा होत्या."

"उशाही भिजल्या की जड होतात."

ती हसली. खरं हसली. ते हसू त्याने ताबडतोब जमेला धरलं.

चौथी खेप पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. सामान उतरवून लगेच निघायचं होतं. निघाले असते तर सव्वाच्या आतच झाडाखाली पोचले असते. पण खोलीत भिंतीशी एक फळी उभी करून ठेवलेली वेसलला दिसली.

"ही लावायची आहे?"

"लावीन मी नंतर."

"आत्ता लावतो. दहा मिनिटं."

भिंत काँक्रीटची निघाली. दहाची पन्नास मिनिटं झाली, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. नेस्तानने कॉफी केली, दोघांसाठी खोक्यांवर बसायची जागा केली, आणि बिस्किटांचा डबा उघडून तसाच मध्ये ठेवला. झाकण कुठे गेलं ते तिने पाहिलंही नाही. वेसलने चार बिस्किटं खाल्ली. फळी सरळ बसली होती. तिने एक बाटली तिच्यावर ठेवून बघितली, घरंगळली नाही.

"हात धू," ती म्हणाली. "शेवटी बाड उघडायचंय ना. काळे डाग नकोत हिस्केच्या तोंडावर."

तो मोरीशी गेला. तिथे रंग काढायचा खरखरीत साबण होता. त्याने नखांच्या कडा, बोटांच्या पेरांमधल्या भेगा, सगळं घासून काढलं. पाणी तीनदा काळं गेलं, मग राखाडी, मग स्वच्छ. तिने मागून टॉवेल दिला.

"दोन घे हवी तर," ती म्हणाली. "एक त्यात अशी आहे, ती हसायच्या बेतात आहे आणि हलायचं नाही म्हणून थांबलीये. ती तुझी."

 परतीच्या बोटीवर बोलायची गरज उरली नाही असं वेसलला वाटलं. आठ वेळा पाच-पाच मिनिटं वसूल झाली होती, तीन बाकी होती, आणि वारा खरोखरच पडला होता.

पुलावरून काठाला वळताना त्याने उगाचच घंटी वाजवली.

लिंडनचा बुंधा मोकळा होता. त्यांचंच नव्हे, सगळ्या काठाचं सामान गेलं होतं. कोपऱ्यावरचा तो फाटका सोफा, कुणाचं कपाट, कुणाची इस्त्रीची घडवंची, सगळं. ओल्या विटांवर खोकी होती तिथे तेवढे कोरडे चौकोन राहिले होते. वेसलच्या मनात पहिला विचार आला तो हा, की दोन खेपा गेल्या. त्याने तो पुढे कधी कुणाला सांगितला नाही. मग त्याने नेस्तानकडे बघितलं.

तिने सायकल स्टँडला लावली नाही. सायकल तशीच आडवी पडली. ती झाडाभोवती एकदा फिरून आली, जणू बाड बुंध्यामागे लपलं असेल.

तळमजल्याची खिडकी उघडली. "आज लवकर आले मेले," तोसबाई म्हणाल्या. "सव्वाला. पलीकडचा रस्ता खोदलाय म्हणे, म्हणून उलटे फिरले."

"तुम्ही बघत होता?" वेसलने विचारलं.

"बघत होते की."

"मग?"

"मग काय, शेजारी? चांगलं चांगलं नेलंत आणि नको ते झाडाखाली ठेवलंत. काळ्या पिशवीत, पट्ट्या मारून. कचऱ्यासारखंच की." त्यांनी नेस्तानचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरला. "मी त्यांना उलट सांगितलं, ती सपाट पिशवी आधी घाला, वाऱ्याने उडून कालव्यात जाईल. काय होतं गं त्यात?"

 वेसलने महापालिकेच्या कचरा खात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, गाडीतच दाबलं जातं सगळं, दाबायचं यंत्र मागेच असतं. मग त्याने विचारलं, "झाडाखाली होतं का, साहेब?"

"हो."

"अच्छा," तो माणूस म्हणाला.

दोघं दुकानाच्या पायरीवर बसली. ती म्हणाली, "मी पहिल्या खेपेला म्हटलं होतं."

"वारा होता."

"वेसल."

त्याने मान खाली घातली. "मला ते शेवटी हवं होतं. म्हणजे तू वर आली असतीस. आपण टेबलावर उघडलं असतं."

"फळी पण त्यासाठीच लावलीस?"

"फळी... फळी तुझ्यासाठी लावली. वेळ माझ्यासाठी."

"तू त्यातली किती पाहिली होतीस?"

त्याने खरंच मोजलं. "पाच. नाही, सहा."

"त्रेसष्ट होती."

"हात..." तो म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले. ते स्वच्छ होते. नखांत एक रेघ नव्हती. तिने त्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"वर ये, एवढं म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "त्याला सहा खेपा कशाला लागतात?"

"आली असतीस?"

तिने विचार केला. प्रश्न विचारला की आधी विचार करायचा, ही तिची सवय त्याला सात वर्षं चिडवत आली होती. "चहापुरती आले असते," ती म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. आणि आता ते कळणार नाही."

तिने सायकल उचलली, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं. वेसल उठायला लागला तशी म्हणाली, "मी करते." मग म्हणाली, "बोटीपर्यंत येऊ नकोस." हँडलला अडकवायला आता एक पिशवीही उरली नव्हती. ती पुलावर चढली, उतरली, दिसेनाशी झाली. भरल्या पेटीच्या मागे मागे दिवसभर तिने किती हळू चालवली होती ते वेसलला तेव्हा कळलं. एकटी ती केवढी भरभर गेली.

संध्याकाळी तोसबाईंच्या खिडकीत पितळी दांडीचा दिवा लागला. वेसलने तो दुकानातून बघितला. गाडी यायच्या आधी झाडाखालून उचललेला होता, म्हणजे रीतीप्रमाणे त्यांचाच. तो मागायला गेला नाही. वायर त्याने चांगली घातली होती, दिवा लुकलुकत नव्हता.

हिशेब केला तर तोसबाई एका दिव्याने नफ्यात राहिल्या. नेस्तानचा एक अख्खा हिवाळा गेला, आणि तिने त्याबद्दल त्याच्याकडे कधी शब्द काढला नाही. वेसलचे सत्तावन्न चेहरे गेले, न पाहिलेले, त्यातला एक हसायच्या बेतात असलेला. पण सगळ्यात जास्त किंमत भरली ती हिस्केने. पाठ दुखत असताना ती त्रेसष्ट सकाळी एकेक तास हलली नव्हती.